सतरा नंबरचं पान

६ नोव्हेंबर, सांता क्लारा

मारिक्रूस,

'प्रिय' लिहिणार नाही. फोन बंद करून बसलीस म्हणून कागद घ्यावा लागला, नाहीतर दोन ओळींत काम झालं असतं. चोनमामा दर शुक्रवारी तांब्याची भांडी घेऊन मोरेलियाच्या दुकानात जातात आणि ते दुकान नेमकं तुझ्या आजीच्या गल्लीत आहे. पत्र एका हंड्यात ठेवून देते आहे. मामांना बजावलंय, हातात द्या आणि ती वाचेपर्यंत हलू नका. ते म्हणाले, "वाचते की नाही हे बघायला तिच्या डोक्यावर बसू का?"

तुझ्या वहीचे नियम तुला आठवतात की मोरेलियाला जाऊन तेही विसरलीस? जांभळ्या पेनानं पहिल्या पानावर तूच लिहिले होतेस. चिस्मोग्राफो, तिसरं वर्ष, ब तुकडी. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक प्रश्न. प्रत्येकानं आपल्या नंबरासमोर उत्तर लिहायचं, नाव घालायचं नाही. कोणाचा कोणता नंबर हे फक्त वहीच्या मालकिणीला माहीत, आणि मालकिणीनं ते कोणालाही सांगायचं नाही. कोणालाही. खाली दोन रेघा ओढल्या होत्यास. बाकीच्या तुकड्यांच्या वह्यांत नंबर आणि नावं उघड असतात, म्हणून सगळे थापा मारतात. आपल्या तुकडीनं खरं लिहिलं ते तुझ्या त्या दोन रेघांवर विश्वास ठेवून.

एकतिसाव्या पानावर प्रश्न होता, 'तू उद्या वर्गात दिसली नाहीस, तर पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येईल?' नऊ नंबरनं लिहिलं, 'तोर्ता विकणाऱ्या बाईंच्या, त्यांचा निम्मा धंदा माझ्या पोटावर चालतो.' हे उलीसेसशिवाय कोण लिहिणार! बावीस नंबरनं लिहिलं, 'आरशाच्या.' सतरा नंबरनं लिहिलं, 'कुणाच्याच नाही. दिवससुद्धा ठरवलाय.'

बुधवारी पहिली घंटा व्हायच्या आत तू ते पान फाडलंस आणि समुपदेशक ओफेलियाबाईंच्या हातात दिलंस. मला विचारलंसुद्धा नाहीस. गणिताच्या तासाला बाई दारात आल्या, "युनुएन, जरा बाहेर ये बाळा." त्यांच्या खोलीत आई बसली होती. तोर्तियाच्या दुकानातून तशीच उठून आली होती, एप्रन अंगावर, कोपरापर्यंत पीठ. तिच्या हातात माझं पान. आई सावकाश वाचते, बोट फिरवत. माझ्या ओळीवर ते बोट थांबलं ते थांबलंच. ते मला बघावं लागलं, तुझ्यामुळे.

बालवाडीपासून एका बाकावर बसलो आपण. माझ्या पोटातलं तू असं बाजारात मांडलंस.

आणि ती वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर कशी पोचली ते मला विचारू नकोस. तुझ्या बाकावर पांढऱ्या शाईनं 'चहाडखोर' कोणी लिहिलं तेही मला माहीत नाही. अख्खा वर्ग तुझ्याशी बोलेनासा झाला आणि तुला शाळा सोडावी लागली, त्याला मी काय करणार?

उत्तर नको आहे.

युनुएन

१३ नोव्हेंबर

मारिक्रूस,

हंडा रिकामा परत आला. मामा म्हणाले, "पोरीनं पत्र खिशात घातलं, आणि आजीनं मला साय घालून कोरुंदा वाढल्या. चार खाल्ल्या." म्हणजे त्यांच्या दृष्टीनं मोहीम फत्ते.

मागच्या पत्रात एक खोटं होतं. तू विचारलं होतंस. आदल्या दिवशी, मंगळवारी, शाळा सुटल्यावर, चौकातल्या कुल्फीवाल्यासमोर. "युनू, सतरा नंबरचं ते खरं आहे?" मी हसले. "वेडी आहेस का, गंमत होती." तू माझ्याकडे बघतच राहिलीस. मग मी म्हटलं, "आणि खरं असलं तरी तू शपथ घेतलीयेस." तुझी चिंचेची कुल्फी वितळून कोपरापर्यंत ओघळली आणि तुला पत्ता नव्हता. तर विचारलंस खरं. आणि मग माझ्या पाठीमागे गेलीस. हे जास्त वाईट आहे, कमी नाही.

आता तुझ्या कृपेनं काय चाललंय ते ऐक. दर गुरुवारी पात्स्कुआरोहून डॉक्टर ब्रिसेइदा आरोग्य केंद्रात येतात. त्यांना स्वतंत्र खोली नाही. लसीकरणाच्या खोलीत बसायचं, भिंतीवर सुई टोचून घेताना हसणारं बाळ. असं बाळ जगात नसतं. पहिल्या दिवशी मी पाऊण तास तोंड उघडलं नाही. त्यांनी खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं, नखं बघितली, आणि म्हणाल्या, "बोललंच पाहिजेस असं नाही. मला नुसतं बसण्याचाही पगार मिळतो." मला हसू आलं आणि त्याचा राग आला.

मी त्यांना सांगितलं, माझ्याकडे कारणच नाही. कोणी मारत नाही, घरात खायला आहे, मार्क बरे आहेत. तरी सकाळी मोजे घालायला अर्धा तास लागतो आणि संध्याकाळपर्यंत वाटतं की आपण इथे उगीच जागा अडवून बसलोय. त्या म्हणाल्या, "ताप मोजताना थर्मामीटर कारण विचारतो का? आहे तर आहे. आधी उतरवू, कारण सवडीनं शोधू." हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

नऊ वाजता फोन स्वयंपाकघरात ठेवायचा आणि दिवा घालवायचा. सकाळी कुत्र्याला टेकडीपर्यंत नेऊन आणायचं, मन असो नसो. कुत्रा खूश आहे, तेवढंच. आणि एक कागद दिलाय, घडी घालून दप्तरात ठेवायचा. त्यावर तीन ओळी. तो विचार यायला लागला की ज्यांच्याकडे जायचं त्यांची नावं. असह्य झाल्यावर नाही, यायला लागल्याबरोबर. पहिल्या ओळीत बाबा. दुसरीत डॉक्टरांनी स्वतःचा आणि त्यांच्या चोवीस तास चालणाऱ्या मदतीच्या फोनचा नंबर लिहिला. तिसरी रिकामी आहे. तिथे कोण होतं हे तुला माहीत आहे.

मृतांच्या दिवशी आईनं नेहमीसारखी वेदी मांडली. झेंडू, पाव, आजोबांची तंबाखू. घरातल्या गेलेल्यांचे फोटो मांडताना ती मध्येच थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि परत मांडायला लागली. असं तीनदा झालं. शेवटी मीच तिच्या हातून फोटो घेतले आणि मांडले. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. तू त्या दिवशी इथे नव्हतीस, बरं झालं.

युनुएन

२७ नोव्हेंबर

मारिक्रूस,

दोन पत्रं पचवलीस, ढेकर नाही. मीपण हट्टी आहे.

बाबांचं सांगते. ते मूळचेच कमी बोलणारे, त्या बुधवारनंतर तर घरात दोन शब्द, 'जेवलीस?' आणि 'बरं.' मग एक दिवस दुपारी चार वाजता दारात उभे राहिले आणि म्हणाले, "कुको आजोबांचा खांदा गेला. एक घण कमी पडतोय." मी म्हटलं, "लालो घण मारतोच, त्याच्या मित्राला बोलवा." तर म्हणाले, "मी तुला बोलावतोय."

आमच्या कारखान्यात बाईनं घण उचललेला मी पाहिलेला नाही. आई दुकान सुटल्यावर पॉलिश करते, आत्या नक्षी काढते. भट्टीपाशी पुरुष. चोनमामा म्हणाले, "एवारिस्तो, पोरीच्या पायावर पडेल." बाबा म्हणाले, "मग पायावर पडेल." एवढीच चर्चा झाली.

तू शंभर वेळा दारातून बघितलंयस, पण दारातून कळत नाही. बाबा सांडशीत तांब्याचा लाल गोळा धरून फिरवतात आणि तिघं गोल उभे राहून आळीपाळीनं घाव घालतात. मामा, लालो, मी. मामा, लालो, मी. मध्ये विचार करायला जागा नाही. विचार केलास तर लालोच्या घणावर तुझा घण. पहिल्या दिवशी माझ्या हाताला सहा फोड आले आणि मी रात्री नऊ ते सकाळी सहा मेल्यासारखी झोपले. मेल्यासारखी लिहिलं, ते खोडत नाही. डॉक्टर म्हणतात, शब्दांना घाबरू नकोस.

मागच्या मंगळवारी मी गेले नाही. उठवेचना. साडेचारला लालो खिडकीशी येऊन ओरडला, "ए महाराणी! तांबं गार होतंय! तुझ्यावाचून आम्ही तिघं माठासारखे उभे आहोत!" मी उशी डोक्यावर घेतली. तो गेला नाही. खिडकीवर खडे मारत बसला. शेवटी शिव्या देत गेले.

लालोला त्या पानाबद्दल काही माहीत नाही. एकतिसाव्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलं, मला न विचारता. पण याचं श्रेय तुला द्यायला मी तयार नाही. तू पान फाडलं नसतंस तर कुको आजोबांचा खांदा तरीही गेला असता.

बहुतेक बाबांनी मला तरीही बोलावलं नसतं.

युनुएन

४ डिसेंबर

मारी,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन भट्टीत गेली.

सोमवारी मोठा हंडा घडवत होतो, मोरेलियाच्या कोणा लग्नाचा. माझा घाव तिरका बसला आणि काठापाशी पोचा पडला. कारखान्याचा एकच कडक नियम आहे. घाव चुकला की ज्याचा त्यानं तिथल्या तिथे ओरडायचं, 'माझा!' मग बाबा गोळा परत भट्टीत घालतात, तांबं लाल असेपर्यंत पोचा निघतो. गप्प बसलं की पुढचे घाव त्याच्यावर पडतात, पोचा आत दडपतो, आणि गार झाल्यावर तिथेच चीर जाते.

मी ओरडले नाही. लाज वाटली. मामा, लालो, मी, असे वीसेक घाव पडले आणि बाबांनी हात वर केला. गार झाल्यावर हंडा उलटा करून चिरेवर अंगठा फिरवला. मामा लालोवर घसरले, "लक्ष कुठे असतं रे तुझं? पोरींवर?" लालोला वाटलं त्याचाच असेल. तो म्हणाला, "माझा." बिचाऱ्यानं टोपी काढली. आणि मी तोंड शिवून उभी.

सगळे गेल्यावर बाबा भाता आवरताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "घावाचा कोन तुझ्या बाजूचा होता." मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?" ते म्हणाले, "तो माझा नव्हता."

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. हंड्यासाठी नाही.

वही मी दिली, मारी.

तू एकच पान फाडलं होतंस, माझं. वहीचं दुसरं पान तू दाखवलं नाहीस, दुसऱ्या कुणाचा नंबर सांगितला नाहीस, हे मला ओफेलियाबाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तुझ्या दप्तरातून वही काढली आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आले. मला वाटलं, माझं उघडं पडलं ना, मग सगळ्यांचं पडू दे, आणि नाव तुझं होऊ दे. उलीसेसच्या बापानं त्याला वहीत लिहिलेल्या बीअरवरून बडवलं. यारेलीचा फोन काढून घेतला. मुख्याध्यापकांनी हस्ताक्षरं ओळखली आणि सात घरांत बोलावणी गेली. आणि तुला ओफेलियाबाईंच्या खोलीत जाताना सगळ्यांनी पाहिलेलंच होतं. कोणी मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तू चौकात एकटी उभी राहायचीस आणि मी समोरून यारेलीचा हात धरून जायचे. तू माझ्याकडे बघितलंस की मी मुद्दाम मोठ्यानं हसायचे.

'चहाडखोर' मी लिहिलं नाही, हे खरं आहे. पांढरी शाई मात्र माझी होती. मागितली, मी दिली.

तू माझा विश्वासघात केलास, मला जगवायला. मी तुझा केला, तुला संपवायला. हे एका तराजूत बसत नाही, एवढं गणित मलाही येतं. तरी तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो कुठे ठेवू ते कळत नाही, म्हणून लिहिलं.

लालोला सांगितलं. तो म्हणाला, "तरीच! मी म्हटलं, माझा घाव इतका बावळट कसा?" आणि टोपी माझ्या डोक्यावर आपटली.

वर्गाला अजून सांगितलेलं नाही.

युनुएन

११ डिसेंबर

मारी,

सांगितलं.

सोमवारी झेंडावंदन झाल्यावर वर्गात आलो, ओफेलियाबाईंना आधी विचारून ठेवलं होतं. त्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. मी म्हटलं, "वही मारिक्रूसनं दिली नाही. मी दिली. तिनं फक्त एक पान फाडलं, ते माझं होतं. सतरा नंबर मी."

मग उलीसेस म्हणाला, "म्हणजे माझ्या बापाचा मार तुझ्यामुळे?" मी म्हटलं, "हो." त्यानं तोर्ताचा कागद चुरगाळून मला मारला आणि वर्गाबाहेर गेला. यारेली म्हणाली, "किती नीच आहेस तू. आम्ही त्या पोरीला शाळेतून घालवलं." मी म्हटलं, "हो."

आता माझ्याशी कोणी बोलत नाही. बाकावर एकटी. तुला कसं वाटलं असेल ते कळायला मला तीन दिवस पुरले, तुला तीन आठवडे काढावे लागले.

बुधवारी दुपारी तो विचार परत आला. तुला खोटं सांगणार नाही, मागच्या वेळी 'गंमत होती' म्हणाले तेवढं पुरे. शाळेच्या पायरीवर बसले होते आणि आला, नेहमीच्या आवाजात, अगदी शहाणासुरता. मी दप्तरातून कागद काढला. पहिली ओळ, बाबा. फोन लावला. म्हटलं, "बाबा, येतोय तो." ते म्हणाले, "तिथेच बस." भट्टी तशीच टाकून, चामड्याच्या एप्रनमध्ये, गावभर पळत आले. माझ्या शेजारी पायरीवर बसले. खिशातून भोपळ्याच्या भाजलेल्या बिया काढल्या आणि आम्ही दोघं सोलून खात बसलो. तासाभरानं तो गेला. मग घरी जाऊन डॉक्टरांना फोन केला. काल भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आला, आणि तू एकटी राहिली नाहीस. बाकी पुढे बघू."

तुझ्यामुळे आईनं ते पान वाचलं. आईमुळे बाबांना कळलं. नाहीतर बुधवारी मी फोन करून काय सांगितलं असतं, आणि त्यांना काय कळलं असतं?

तिसऱ्या ओळीत तुझं नाव लिहिलंय. तुला न विचारता. खोडायचं असेल तर सांग.

सोबत नव्या वहीचं पहिलं पान आहे. नंबर दोनच. मी एक, तू दोन. वाटलं तर भर, नाहीतर आजीच्या चुलीत घाल.

युनू

१८ डिसेंबर

मारी,

मामा गेल्या शुक्रवारी हंडा डोक्यावर घेऊन नाचतच आले. "आहे! आहे आत!" अख्ख्या गल्लीला कळलं. तू नुसतं पान पाठवलंस, वर एक अक्षर नाही. बरं. माझी लायकी तेवढीच आहे. बाबा भट्टीपाशी होते, आई पीठ मळत होती, दोघंही न बघितल्यासारखं करून बघत होती, म्हणून मी मोठ्यानं वाचलं.

'सगळ्यात आवडती कुल्फी?'
एक: आंबा.
दोन: चिंच. विचारतेस काय.

'एक नंबरनं केलेली सगळ्यात वाईट गोष्ट?'
एक: वही.
दोन: 'गंमत होती' म्हणाली ती. त्या रात्री मी झोपले नाही. वहीचं नंतर बघू. ते मी विसरणार नाही, हेही लिहून ठेव.

तिसऱ्या प्रश्नापाशी आईनं हात पुसले आणि कागद माझ्याकडून घेतला. बोट फिरवत, सावकाश, तिनंच वाचला.

'सतरा नंबरनं परत तसंच लिहिलं, तर काय करशील?'
दोन: पान फाडेन.

आई बराच वेळ त्या दोन शब्दांवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "या पोरीला नाताळात घरी बोलाव. तमाले करते." बाबा म्हणाले, "मोरेलियाहून शनिवारी सकाळची गाडी आहे." म्हणजे बाबांनी गाडी आधीच बघून ठेवली होती.

उलीसेस काल माझ्या बाकावर येऊन बसला. अर्धा तोर्ता पुढे केला. यारेली अजून तोंड फिरवते, पण जाता जाता विचारलं, "ती येणारे का?" मला माहीत नाही, असं सांगितलं.

मी अजून चिडलेली आहे. तू शपथ मोडलीस, आणि मोडलीस म्हणून मी हे लिहितेय. दोन्ही एकदम कसं खरं असतं ते डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "असतं."

नवी वही शंभर पानी घेतलीये. फाडायला पुष्कळ आहेत. शनिवारी तुला घ्यायला गाडीवर येते.

युनू